पॉलिसी उघडते तो दिवस

गाडीचा विमा घेताना पॉलिसी सहसा कुणी उघडून बघत नाही. ‘इन्शुरन्स किती बसला?’ एवढं विचारलं जातं, पैसे भरले जातात आणि पीडीएफ मोबाइलमध्ये पडून राहते. ती पहिल्यांदा नीट वाचली जाते गाडी ठोकल्यावर, गॅरेजच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि तेव्हा गाडीमालकासमोर मी उभा असतो. सांगली, मिरज, कोल्हापूर, कऱ्हाड या पट्ट्यात मोटार सर्व्हेअर म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. लोक सर्व्हेअरला कंपनीचा माणूस समजतात. आमचा परवाना विमा नियामकाचा, म्हणजे आयआरडीएआयचा असतो. नुकसान बघायचं, ते कशाने झालं हे शोधायचं आणि पॉलिसीच्या अटींप्रमाणे त्याचा हिशेब मांडायचा, हे आमचं काम. पॉलिसीत नाही ते मला देता येत नाही आणि पॉलिसीत आहे ते कापायचा मला अधिकार नाही. त्यामुळे गाडीमालक कळवळून ‘साहेब, काहीतरी बघा ना’ म्हणतो तेव्हा मी फार थोडं करू शकतो. जे करायचं असतं ते त्याने कित्येक महिने आधी, विमा घेताना करायचं असतं. म्हणूनच हे लिहायला बसलो.

सगळ्यात जास्त शिकवलं ते पुराने. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा एकदमच वर आल्या. सांगलीत गावभाग, मारुती चौक, हरभट रोड पाण्यात गेले, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. पाणी ओसरलं आणि गॅरेजांच्या आवारात, बाहेरच्या रस्त्यावर, जागा मिळेल तिथे गाड्यांच्या रांगा लागल्या. पुराच्या गाडीचं दार उघडलं की कुबट वास अंगावर येतो. सीटच्या फोममध्ये पाणी धरलेलं असतं आणि आत सगळीकडे गाळाची सरळ रेघ उमटलेली असते. ती रेघ मी आधी बघतो. पाणी कार्पेटपर्यंत होतं, सीटपर्यंत होतं की डॅशबोर्डवर चढलं होतं, यावर अर्धा हिशेब ठरतो. मग बॉनेट उघडून एअर फिल्टरचं झाकण काढायचं. फिल्टर कोरडा असेल तर मालकाचं नशीब. चिखलाने बरबटलेला असेल तर डिपस्टिक ओढायची. ऑइल दुधाळ दिसलं की इंजिनात पाणी गेलं हे नक्की. इंजिन हाताने फिरत नसेल तर मिस्त्री खालचा सम्प उतरवतो, आणि आत वाकलेला कनेक्टिंग रॉड सापडतो.

रॉड उभ्या गाडीत वाकत नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना कुणी स्टार्टर मारला की पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही आणि रॉड वाकतो. कधी ब्लॉकलाच भोक पडतं. साध्या ‘फुल’ पॉलिसीत पुराचं नुकसान मिळतं: सीट, कार्पेट, वायरिंग, आत गाळ गेला असेल तर इंजिन उघडून साफ करण्याचा खर्चही. पण स्टार्टर मारल्यामुळे मोडलेलं इंजिन कंपन्या पुराचं नुकसान मानत नाहीत. ते परिणामी नुकसान, आणि साध्या पॉलिसीत त्याला जागा नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं जोड-कव्हर घ्यावं लागतं.

त्या वर्षी एकाच गल्लीतल्या दोन गाड्या मी लागोपाठ बघितल्या. दोन्ही जवळपास एकाच वयाच्या, दोन्हींत पाणी सीटच्या वर. एका बाईंनी गाडीला हातही लावला नव्हता. क्रेन मिळेपर्यंत चार दिवस थांबल्या आणि गाडी तशीच टो करून आणली. त्यांचा क्लेम सुरळीत झाला. दुसऱ्या घरातल्या मुलाने पाणी उतरल्याबरोबर ‘जरा स्टार्ट मारून बघितली’. त्या एका किल्लीचा खर्च लाखाच्या पुढे गेला आणि इंजिन कव्हर नसल्याने तो सगळा वडिलांच्या खिशातून गेला. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. मुलाला ते एक शब्दही बोलले नाहीत. नंतर 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, चिपळूण तर बुडालंच, तेव्हा आमच्याकडच्या बऱ्याच गाड्यांवर इंजिन कव्हर दिसलं. लोक शिकले होते. तरी सांगतो, कव्हर असलं तरी पाण्यातली गाडी चालू करू नका. बुडालेली गाडी जाणूनबुजून चालू केली तर जोड-कव्हरमध्येही काही कंपन्यांच्या अटी आड येतात.

यातून मला एक सवय लागली. कुणी कव्हर कुठलं घेऊ असं विचारलं की मी आधी गाडीची चौकशी करतो. रात्री ती कुठे उभी असते? पावसाळ्यात कुठल्या रस्त्याने जाते? चालवतं कोण, बसतं कोण? कर्ज आहे का? जत-आटपाडीच्या माळावर राहणाऱ्याला इंजिन कव्हरची गरज कमी वाटेल, पण तोच माणूस दर आठवड्याला मुंबईला जात असेल आणि तिथल्या सबवेत पाणी तुंबत असेल, तर हिशेब बदलतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बुडालेल्या सगळ्याच गाड्या काही नदीकाठच्या नव्हत्या.

झिरो डेपबद्दल लोकांना सगळ्यात जास्त माहिती असते, आणि अर्धवटही तिथेच असते. साध्या पॉलिसीत बदललेल्या पार्टवर घसारा कापला जातो. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी यांवर सरसकट 50 टक्के. फायबरवर 30. काचेवर काहीच नाही. पत्र्याच्या आणि इतर लोखंडी पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने शून्य, मग 5, 10, 15 असं चढत चौथ्या वर्षात 25, पाचव्यात 35, पाच ते दहा वर्षांत 40 आणि त्यापुढे 50. रंगाच्या मटेरियलवर निम्मं. मजुरी पूर्ण मिळते. शिवाय प्रत्येक क्लेममध्ये सक्तीची कपात असते, 1500 सीसीपर्यंत 1000 रुपये, त्यावर 2000. आता हल्लीच्या गाडीचं तोंड बघा. बंपर, ग्रिल, हेडलॅम्पचं घर, आतला फॅनचा सांगाडा, सगळं प्लास्टिक. समोरून साधी धडक बसली तरी बिलाचा मोठा भाग 50 टक्क्यांच्या खान्यात पडतो. हा घसारा कापू न देणारं जोड-कव्हर म्हणजे झिरो डेप, आणि नव्या गाडीला ते घ्यावंच, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला ‘बंपर टू बंपर’ म्हणतात म्हणून लोकांना वाटतं आता आपल्याला एक रुपयाही भरावा लागणार नाही. सक्तीची कपात तरी राहतेच. ऑइल, कूलंट, एसीचा गॅस, नटबोल्ट, क्लिपा या गोष्टी वेगळ्या, त्यांना कन्झ्युमेबल्सचं कव्हर लागतं. आणि बऱ्याच कंपन्या वर्षात दोनच झिरो डेप क्लेम देतात.

पण ओरखड्यासाठी क्लेम करू नका, हे मी गॅरेजवाल्यांचा रोष पत्करून सांगत आलो आहे. नो क्लेम बोनस पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पुढे 50. समजा तुम्ही 50 वर पोचलात आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम सवलतीआधी 8000 रुपये आहे. एक क्लेम केला की पुढच्या वर्षी सवलत शून्य. त्यानंतर 20, 25, 35, 45 असं चढत परत 50 ला यायचं. मधल्या वर्षांत जी सवलत हुकली ती बेरीज प्रीमियमच्या सव्वापट, म्हणजे 10,000 रुपये होते. पाच हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी लोक दहा हजार घालवतात. नो क्लेम बोनस वाचवणारं जोड-कव्हरही मिळतं, ज्यांची गाडी रोज गर्दीत असते त्यांच्यासाठी ते बरं.

आयडीव्हीचा प्रश्न याहून गंभीर. आयडीव्ही म्हणजे गाडी पूर्ण गेली तर मिळणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा. नव्या गाडीच्या किमतीवर वयाप्रमाणे घट धरतात: दुसऱ्या वर्षात 20 टक्के, तिसऱ्यात 30, चौथ्यात 40, पाचव्यात 50, आणि पाच वर्षांनंतर कंपनी आणि मालक यांच्या संमतीने. ऑनलाइन विमा घेताना हा आकडा मागेपुढे करता येतो. तो खाली ओढला की प्रीमियम उतरतो आणि माणसाला फायदा झाल्यासारखं वाटतं. आंबा घाटात एक गाडी खाली गेली होती. सुदैवाने आतले दोघे वाचले. दुरुस्तीचं एस्टिमेट आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या पुढे गेलं की गाडी टोटल लॉसमध्ये धरतात, तशी ती धरली. मालकाने दरवर्षी सगळ्यात खालचा आयडीव्ही निवडला होता. वाचलेले पैसे एकूण दोन-तीन हजार. विम्याची रक्कम आली ती आधी बँकेकडे गेली, कारण गाडी बँकेला तारण होती, आणि तरीही कर्ज उरलं. गाडी नाही, हप्ते चालू. कर्ज असलेल्या नव्या गाडीला रिटर्न टू इनव्हॉइस घ्यायला मी सांगतो ते यासाठी. चोरीत किंवा टोटल लॉसमध्ये बिलाच्या किमतीपर्यंतची तूट ते भरून काढतं. ते पहिली काही वर्षंच मिळतं, आणि कर्जाचा बोजाही तेव्हाच जास्त असतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. इतकी वर्षं पत्रा, काच आणि प्लास्टिक मोजल्यावर मला खात्रीने वाटतं की लोक नको तिथे काटेकोर असतात. बंपरसाठी भांडतात आणि गाडीत बसलेल्या माणसांसाठी काय घेतलंय हे बघतच नाहीत.

आमच्या भागातले एक गृहस्थ घरी कागद घेऊन आले. पंढरपूरहून परत येताना समोरून आलेल्या बैलगाडीला वाचवायला गेले आणि गाडी झाडावर गेली. स्वतः चालवत होते. शेजारी बसलेल्या मेहुण्याच्या कमरेखाली कायमचं अधूपण आलं. गाडी दहा वर्षांची. एजंट म्हणाला होता, ‘काका, जुन्या गाडीला थर्ड पार्टी पुरे.’ कायद्याच्या दृष्टीने पुरेच होतं. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 प्रमाणे थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि तो त्यांच्याकडे होता. बैलगाडीवाल्याला इजा झाली असती तर भरपाईला मर्यादा नव्हती. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान असतं तर साडेसात लाखांपर्यंत. पण खाजगी गाडीत पैसे न घेता बसवलेला माणूस, बायको असो, आई असो, मित्र असो, नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत येत नाही. मेहुण्याने न्यायाधिकरणात दावा लावला तर तो कंपनीवर जाणार नव्हता, खुद्द काकांवर येणार होता.

पॅकेज पॉलिसीत, म्हणजे लोक जिला ‘फुल’ म्हणतात तिच्यात, मात्र खाजगी गाडीतले प्रवासी येतात. यावर बरीच वर्षं घोळ होता. 2009 मध्ये नियामकाने परिपत्रक काढून ते स्पष्ट केलं आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही साधी कायद्यापुरती पॉलिसी आणि पॅकेज पॉलिसी यांतला हा फरक मान्य केला. मी हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, ‘दोन्हीत पैशाचा फरक किती होता?’ त्यांच्या गाडीच्या वयाला तो वर्षाला दोन हजारांच्या आत होता. तो आकडा सांगताना मला जड गेलं. जुनी गाडी म्हणून लोक पॅकेज सोडतात, पण गाडी जुनी झाली म्हणून आत बसणारी माणसं स्वस्त होत नाहीत. त्या दिवसापासून कुणीही विचारलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाडीत रोज कोण बसतं?

चालवणाऱ्या मालकासाठी वैयक्तिक अपघात कव्हर सक्तीचं आहे. आधी कारमालकाला ते फक्त दोन लाखांचं होतं, 2018 च्या अखेरीपासून पंधरा लाखांचं झालं. पण ते आरसी बुकावर ज्याचं नाव आहे त्याच्यासाठी, आणि त्याच्याकडे चालू परवाना असेल तरच. आपल्याकडे गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, असं घरोघरी असतं. मुलगा या कव्हरमध्ये नाही. त्याच्यासाठी स्वतंत्र अपघात विमा काढावा. बाकी सीटांसाठी माणशी दोन लाखांपर्यंत अपघात कव्हर पॉलिसीला जोडता येतं आणि सगळ्या सीटांचं मिळून काही शे रुपयांत होतं. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याची जबाबदारीही जोडावी, तिचा खर्च नावापुरता आहे. ड्रायव्हरला पगार देणारे आणि हे न जोडणारे मी खूप बघितले, आणि त्यातले बरेच सुशिक्षित होते.

गाडी कशासाठी वापरता हे लपवू नका. आमच्याकडे वडाप चालतं. पांढऱ्या नंबरप्लेटची खाजगी गाडी भाड्याने माणसं भरते, बाजाराच्या दिवशी स्टँडबाहेर उभी असते. अपघात झाला की आत बसलेले लोक पोलिसांना खरं तेच सांगतात, आम्ही अमुक रुपये देऊन बसलो होतो. पंचनाम्यात ते येतं आणि गाडीचा क्लेम तिथेच संपतो. तीच गत बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटची. आरटीओकडून आरसीवर नोंद आणि पॉलिसीवर एन्डॉर्समेंट, दोन्ही हवं. किटच्या किमतीवर साधारण 4 टक्के जादा प्रीमियम लागतो. तेवढ्यासाठी लोक नोंद टाळतात आणि आग लागली की क्लेम अडकतो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर फार जपावं. गाडी नावावर झाली की थर्ड पार्टी विमा आपोआप नव्या मालकाकडे येतो. गाडीच्या नुकसानीचा भाग येत नाही. चौदा दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनसही त्याचाच असतो, तो गाडीबरोबर येत नाही. एका तरुण डॉक्टरांनी गाडी घेतली, आरसी नावावर करून घेतली, पॉलिसी तशीच ठेवली. दोन महिन्यांत हायवेवर मागून ट्रकने ठोकलं. पॉलिसी ज्याच्या नावावर त्याची गाडी उरलेली नाही आणि गाडी ज्याची त्याच्या नावावर पॉलिसी नाही. त्या क्लेमचं पुढे काहीच झालं नाही.

क्लेम अन्यायाने नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि तिथे दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जावं. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. माझ्या अहवालाची प्रतही मागून घ्या. काय कापलं आणि का कापलं, हे ज्याची गाडी आहे त्याला कळलंच पाहिजे.

अलीकडेच एसटीतून निवृत्त झालेले एक चालक नूतनीकरणाचे तीन कोटेशन घेऊन आले. गाडी अकरा वर्षांची, 998 सीसी, घर मिरजेच्या उंच भागात, गाडीत बहुतेक वेळा ते आणि पत्नी, सुट्टीत नातवंडं. दोघांनी मिळून कागदावर आकडे मांडले. थर्ड पार्टीचे 2094 रुपये सगळीकडे सारखे, कारण ते सरकार ठरवतं. तीन कोटेशनमधला फरक होता तो गाडीच्या नुकसानीच्या भागात आणि आयडीव्हीत. झिरो डेप एवढ्या जुन्या गाडीला मिळत नव्हतं, इंजिन कव्हरची त्यांना गरज दिसली नाही. पॅकेज घेतलं, सगळ्या सीटांना दोन-दोन लाखांचं अपघात कव्हर जोडलं, सीएनजी किटची नोंद घातली, आयडीव्ही ओढाताण न करता बाजारभावाच्या जवळ ठेवला. पॉलिसी आली तेव्हा ते परत आले. आरसी बुक हातात धरून एकेक ओळ मोठ्याने वाचू लागले, नाव, गाडीचा नंबर, इंजिन नंबर. चेसिस नंबरात शेवटून तिसरा आकडा चुकला होता. त्याच दुपारी कंपनीला मेल केला आणि दुरुस्त केलेली पॉलिसी येईपर्यंत त्यांनी पाठपुरावा सोडला नाही.